किटलीची कडी

माझ्यासाठी बाळाला झोपेतून उठवलं, तिथून हे सुरू झालं.

२०२२ ची दिवाळी होऊन गेली होती. करवीर तालुक्यातलं नदीकाठचं गाव. ऊसतोड सुरू झालेली, रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली. पिशवीत वही, घड्याळ, संमतिपत्रं आणि छापील प्रश्नावली घेऊन मी दुपारी तीनच्या सुमारास त्या घराच्या सोप्यात जाऊन बसले. लहान मूल घरात कुणाच्या आधारानं वाढतं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. त्या घरातलं पोरगं सव्वा वर्षाचं, माजघरात झोपलेलं. "झोपू दे त्याला," असं मी म्हणेपर्यंत थोरली काकी आत गेलीसुद्धा. आतून पाण्याचा आवाज आला, मग रडण्याचा. दहा मिनिटांनी बारका बाहेर आला तो पावडर फासलेला, गालाला काजळाची तीट आणि अंगात दिवाळीचा नवा सदरा. "मॅडम बगायला आल्यात," असं म्हणत त्याला माझ्यासमोर सतरंजीवर बसवलं.

तक्त्यावर मी वेळ टाकली आणि पेन हातात धरून तशीच बसले. जे बघायला आले होते, ते माझ्या येण्यानंच मोडलं होतं.

बघणारा आला की बघायची गोष्ट बदलते, हे आम्हाला एम.ए.च्या पहिल्याच वर्षी शिकवतात. त्यावरचा उपायही शिकवतात: पुन्हा पुन्हा जा, माणसं सरावतात, सुरुवातीच्या भेटींतल्या नोंदी हिशेबात धरू नका. ते खरंच आहे. पण आमच्या भागात हा अडथळा वेगळ्या वाटेनं येतो. इथं माणसं निरीक्षकाला बुजत नाहीत, त्याचा पाहुणचार करतात. मी आले की बाळाची आई चहा ठेवायला उठते, आणि माझ्या तक्त्यात नोंद पडते की आई मुलापासून लांब, स्वयंपाकघरात. आज्जी माझ्याशी बोलत बसते, म्हणजे आज्जीचं लक्ष मुलाकडे नाही. त्या घराची म्हणून मी जी नोंद करत होते, ती खरं तर पाहुणा आलेल्या घराची होती. चहा नको म्हणणं हा काही मार्ग नव्हता. चहा नाकारणाऱ्या बाईला दुसऱ्यांदा कुणी घरात घेत नाही.

मग मी हाताला काम मागून घेतलं. शेंगा फोडायच्या, लसूण सोलायचा. वही मांडीखाली, घड्याळ मनगटावर. सहाव्या भेटीला मी उंबऱ्यातून आत आले तेव्हा आज्जीनं मान वर करून पाहिलं, म्हणाली, "आलीस व्हय? बस." चहाचं नाव निघालं नाही, 'तुमी'चं 'तू' झालं होतं, आणि बारका परड्यात उघडाच माती उकरत होता. माझ्या अभ्यासाची पहिली धरण्याजोगी नोंद त्या दिवसाची आहे.

प्रश्नावलीतला तिसरा प्रश्न अगदी साधा दिसतो. कुटुंबात एकूण माणसं किती? जनगणनेत याचं उत्तर चुलीवरून ठरतं. एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. आपल्या बोलीतही 'चूल वेगळी केली' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्या घरात दोन भाऊ. चूल वेगळी होऊन चार वर्षं झालेली, मध्ये पत्र्याचा आडोसा, दोन सिलिंडर. पण म्हशी एकाच गोठ्यात, आणि दूध संस्थेतलं खातंही एकच, थोरल्याच्या नावावर. आज्जी सकाळी धाकट्याकडे जेवायची, रात्री थोरल्याकडे. थोरल्याची नऊ वर्षांची मुलगी भाकरी खायची ती धाकट्या काकीच्या हातची, कारण ती पातळ थापते. आणि जुलै २०२१ च्या पुरात, बारका जेमतेम आठवड्याचा असताना, पाणी दारात आलं तेव्हा सगळी जण वरच्या अंगाला पाहुण्यांकडे गेली. तिथं तीन आठवडे चूल एक. पाणी उतरलं, घरं धुतली, चुली परत दोन.

आता माणसं किती लिहू? चार की नऊ?

इरावती कर्व्यांनी १९५३ मध्ये एकत्र कुटुंबाची खूण सांगितली ती अशी: एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं अन्न खाणारी, मालमत्ता सामाईक असणारी, देवधर्म एकत्र करणारी आणि नात्यानं बांधलेली माणसं. आमच्या घराला यातल्या काही खुणा लागू पडत होत्या, काही नव्हत्या. पुढं समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाईंनी गुजरातमधल्या महुव्याच्या कुटुंबांचा अभ्यास १९६४ मध्ये छापला आणि नुसत्या राहण्या-जेवण्यावर जाऊ नका असं सांगितलं. वेगळे राहणारे भाऊही जमिनीनं, पैशानं, एकमेकांच्या कर्तव्यानं एकत्र असू शकतात. आज साठ वर्षं झाली तरी छापील तक्त्यांमध्ये 'एकत्र' आणि 'विभक्त' हे दोनच चौकोन असतात. मला याचा मनापासून राग येतो. चौकोन चुकला की त्यावर उभं राहिलेलं पुढचं सगळं गणित चुकतं. 'विभक्त कुटुंबातली मुलं' म्हणून आपण जी मुलं मोजतो, त्यांतली कितीतरी पत्र्याच्या आडोशाखालून दिवसातून वीस वेळा पलीकडे जात असतात.

शेवटी मी चौकोन सोडले आणि चिंचोके घेतले. घरातल्या प्रत्येकाला मूठभर दिले, म्हटलं, "आपल्या घरातली माणसं मांडा." बाळाच्या आईनं चार मांडले, थोडा वेळ बघत राहिली आणि सासूचा पाचवा ठेवला. आज्जीनं लेकीसुद्धा मांडल्या, दोघी, गडहिंग्लजला आणि निपाणीला दिलेल्या. नऊ वर्षांच्या मुलीनं अकरा मांडले. मी मोजून म्हटलं, दोन जास्त झाले. तर म्हणाली, "म्हशी नकोत व्हय?"

सातवा प्रश्न: बाळाची मुख्य काळजीवाहू व्यक्ती कोण? उत्तरात एकच खूण करायची. मी आज्जीला विचारलं.

"कोन सांभाळतंय म्हंजे? हाईत त्येवडी समदी सांभाळत्यात की."

"एकच नाव सांगायचं आहे."

"एक कसं सांगू? एकानं पोर वाढतंय व्हय?"

मी 'आई' वर खूण केली. सगळेच करतात. आणि लहान मुलांविषयीचं बरंचसं संशोधन याच खुणेवर उभं आहे. विचारायचं कुणाला, तर आईला. आठवून सांगायचं कुणी, तर आईनं.

आईची आठवण कमी प्रतीची असते, असं मला म्हणायचं नाही. उलट नीट विचारलं तर ती फार नेमकी असते. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी विकासाची मापनश्रेणी बांधली. त्यात कुठली गोष्ट कितव्या महिन्यात यावी हे ठरलेलं आहे, म्हणून मूल कधी चालायला लागलं ते महिन्यात कळावं लागतं. "कधी चालला?" या प्रश्नाला मला "यंदाच की" एवढंच उत्तर मिळालं. मग सणावारांचा आधार घेतला. जोतिबाच्या यात्रेला? "न्हाई, तवा आज्ज्याच्या खांद्यावर हुता." आणि टेंबलाईच्या यात्रेला? "चालत हुता की! पी ढबाक ऐकून धावाय बगायचा." पी ढबाक म्हणजे त्या यात्रेतलं वाजंत्र. चैत्र पौर्णिमा ते आषाढ, नववा महिना संपल्यापासून बाराव्याच्या आसपास. तारखा न लिहिणाऱ्या घरातली आठवण अशी जत्रांच्या खुंटीला टांगलेली असते, ती खुंटी तेवढी माहीत हवी.

पण कोण किती वेळ सांभाळतं, हे आठवणीतून निघत नाही, कारण ते कुणाच्या लक्षातच राहत नाही. त्यासाठी दुसरी रीत आहे. ठरावीक अंतरानं, मी दहा मिनिटं धरली होती, मान वर करायची आणि त्या क्षणी जे असेल तेवढंच लिहायचं: बाळ कुठं, कुणाच्या कडेवर, हाताच्या अंतरावर कोण, काय चाललंय. मधलं कितीही रंगतदार असो, लिहायचं नाही. सुरुवातीला हे फार जड जातं. हात आपोआप गोष्ट लिहायला धावतो. पण महिन्याभरानं ते रकाने उभे वाचले की घर वेगळंच दिसायला लागतं. मी दुपारचं जाणं सोडून चार ते सात आणि रविवारी सकाळी जायला लागले होते. पाच वाजता शाळा सुटल्यानंतरच्या रकान्यांत एकच खूण खाली खाली उतरत गेली होती. ती आईची नव्हती, आज्जीची नव्हती. अकरा चिंचोके मांडणाऱ्या त्या मुलीची होती, बारक्याच्या थोरल्या चुलतबहिणीची. प्रश्नावलीत तिच्यासाठी जागाच नव्हती.

त्याच दिवसांत जॉन आणि बिअट्रिस व्हायटिंग या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याच्या सहा संस्कृतींच्या अभ्यासाविषयी मी वाचत होते. यादीत एके ठिकाणी मला 'कोल्हापूर' दिसलं आणि अंगावर काटा आला. पुन्हा वाचलं तर ते खलापूर निघालं, उत्तर प्रदेशातलं राजपुतांचं गाव. पण एकदा वाचण्यात आलेलं ते नाव काही सुटेना. १९५० च्या दशकात केनिया, मेक्सिको, फिलिपिन्स, ओकिनावा, अमेरिका आणि आपलं खलापूर अशा सहा ठिकाणी संशोधक राहिले आणि त्यांनी मुलांची पाच-पाच मिनिटांची निरीक्षणं नोंदवली. खलापुरात बायका पडद्यात, त्यामुळे पुरुष संशोधकाला अंगणात प्रवेश नाही. बायका-मुलांची बाजू ली मिन्टर्न या बाईंनी पाहिली, पुरुषांची जॉन हिचकॉक यांनी. कोण बघायला गेलं, यावर काय दिसणार हे ठरलं. आणि सगळ्या ठिकाणांचं मिळून जे हाती आलं त्यातलं मला सर्वांत जवळचं हे: जिथं मुलांवर धाकट्या भावंडांची आणि घरकामाची जबाबदारी होती, तिथली मुलं दुसऱ्याला आधार द्यायला, मदत करायला जास्त पुढं होती.

आपल्याकडे हे ओळखून त्यावर काम केलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, बोर्डी-कोसबाडला. थोरली मुलगी शाळेत का येत नाही, तर तिच्या कडेवर बाळ आहे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणायची. मला हे संशोधनच वाटतं. प्रश्न शाळेच्या हजेरीपटावर सुटत नव्हता, त्या दोघी तो सोडवायला अंगणात गेल्या.

मेरी एन्सवर्थ यांचं नाव बालविकास शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, ते वीस मिनिटांच्या एका प्रयोगामुळे. साधारण वर्ष-दीड वर्षाचं मूल आईबरोबर अनोळखी खोलीत येतं, परकी बाई येते, आई बाहेर जाते, परत येते. आई परतल्यावर मूल कसं वागतं, यावरून त्या दोघांमधल्या नात्याचा पोत वाचायचा. प्रयोगशाळेतल्या असल्या अभ्यासांबद्दल मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी सत्तरच्या दशकात फार कळवळून लिहिलं: परक्या जागी, परक्या मोठ्यांसमोर, अगदी थोड्या वेळात मुलं जे विचित्र वागतात, त्याचं हे शास्त्र होऊन बसलं आहे. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. जपानमध्ये जिथं बाळ आईपासून फारसं कधी दूर होत नाही, तिथं त्या खोलीत मुलं फारच कासावीस झाली. आमच्या बारक्याला एकट्याला परक्या बाईजवळ ठेवणं तर मी मनातही आणू शकत नाही.

पण मूळ काम वाचल्यावर मला एन्सवर्थबाईंबद्दल वेगळंच वाटायला लागलं. आधी त्या युगांडात १९५४-५५ मध्ये २६ घरांत जात होत्या. नंतर बाल्टिमोरमध्ये पुन्हा २६ घरं: दर तीन आठवड्यांनी, प्रत्येक वेळी चार-चार तास, बाळाच्या पहिल्या वर्षभर. एका घरात जवळजवळ ७२ तास. वीस मिनिटांत जे दिसलं त्याला अर्थ आला तो या ७२ तासांमुळे. जगानं वीस मिनिटं उचलली, कारण ती उचलायला सोपी होती.

माझ्याही वहीत एक वीस मिनिटांची गोष्ट होती. संध्याकाळी पाच-चाळीसच्या आसपास बारका कधी कधी एकदम फुटायचा. अंग टाकून, श्वास अडकेपर्यंत रडायचा. कधी कधी अजिबात नाही. त्या वेळी आई धार काढायला गोठ्यात जाते, हे मला माहीत होतं. पण ती रोजच जायची आणि तो रोज रडायचा नाही. मी तीन ठिकाणी लिहिलं होतं: 'कारण अस्पष्ट.' भूक, झोप, दात, ताप, सगळं तपासून पाहिलं. आईला विचारलं, आज्जीला विचारलं.

उत्तर मिळालं ते एका चुकीमुळे. घरातलं बोलणं मी ध्वनिमुद्रित करत होते. ते उतरवायला पुण्याच्या एका ताईंकडे दिलं होतं, फार काळजीनं काम करणाऱ्या. कागद आले तेव्हा त्यात ठिकठिकाणी 'मुलगा, वय अंदाजे ८ ते १०' असा एक बोलणारा होता. त्या घरात त्या वयाचा मुलगाच नाही. ऐकून पाहिलं तर ती आमची मुलगी. कोल्हापूरकडच्या मुली 'मी जातो, मी करतो' असं बोलतात, बायकासुद्धा "च्या ठेवतो" म्हणतात. पुण्याच्या कानाला तो मुलगा वाटला. प्रश्नावलीत तिला जागा नव्हती, आता कागदावरूनही ती गेली होती.

घरातली कुठली भाषा मोजायची यावर मोठा वाद झालेला आहे. हार्ट आणि रिझली यांनी अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये ४२ कुटुंबांत महिन्याला एक तास मुद्रण केलं आणि १९९५ मध्ये, गरीब घरातल्या मुलाच्या कानावर तीन-चार वर्षांत तीन कोटी शब्द कमी पडतात, असा अंदाज मांडला. २०१९ मध्ये स्पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या इतर माणसांचं बोलणंही मोजलं, तेव्हा चित्र पालटलं. एकाच आर्थिक स्तरातल्या वस्त्या-वस्त्यांतही मोठा फरक निघाला. सोप्यात एका वेळी सात माणसं बोलतात त्या घरात बसून हा वाद वाचताना मला सारखं वाटायचं, की आपण कुणाचा आवाज ऐकायचा ठरवलाय ते आधी सांगावं, आकडा मागून.

तर तो कागद दुरुस्त करताना मी तिचं बोलणं पहिल्यांदा सलग ऐकलं. एका ठिकाणी ती बारक्याला म्हणत होती, "गप. वाजली न्हाई. वाजली न्हाई बग." काय वाजलं नाही?

तिला विचारण्याआधी मला थांबावं लागलं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलाची स्वतःची तोंडी अनुमती घ्यावी लागते. आईबापांची सही वेगळी. माझ्याकडे घरातल्या मोठ्यांच्या सह्या होत्या. ती माझ्या अभ्यासाची विषयच नव्हती, म्हणून तिला मी काहीच विचारलं नव्हतं, आणि चार महिने तिची नोंद मात्र करत होते. याची मला लाज वाटली. तिच्या आईबापांना विचारलं, मग तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं: मी काय लिहिते, कशासाठी, आणि नको वाटलं तर सगळं खोडेन. तिनं वही मागून घेतली.

"ह्यात माजं नाव कुठं हाय?"

मी 'प-४' वर बोट ठेवलं. खरं नाव लिहायचं नसतं म्हणून सांगितलं. तिला ते पटलं, पण प-४ पटलं नाही. दोन दिवस विचार करून तिनं नाव दिलं: ताराराणी. कावळा नाक्यावरच्या पुतळ्यासारखी, घोड्यावरची. प्रबंधात ती ताराराणीच आहे.

मग मी विचारलं, काय वाजलं नाही?

"धारंची किटली," ती म्हणाली. "त्येला कडीचा आवाज कळतोय. कडी वाजली की त्येला वाटतंय, आई चालली. म्हून मी दप्तर ठिवलं की पयली किटली भाईर नेतो. कडी मुठीत धरून. मग आई नुसतीच जाती. त्येला कळत न्हाई."

"आणि नंतर? आई दिसली नाही की?"

"तवर मी पत्र्यावरची कबुतरं दावतो की."

रात्री घरी येऊन मी रकाने काढून बसले. बारका रडला होता त्या प्रत्येक संध्याकाळी ताराराणीचा रकाना रिकामा होता. एकदा ती आजोळी गेली होती, एकदा शाळेच्या संमेलनाची तालीम होती. आई जाणार ही खूण ओळखणं, विरहाआधीच घाबरणं, आणि त्या भीतीवर कुणीतरी केलेला उपाय. या सगळ्याची नोंद मी चार महिने शाबूत ठेवली होती, फक्त ती मला वाचता येत नव्हती. तिसरीतल्या मुलीला येत होती. तिनं बाळाकडे बघून अंदाज बांधला होता, एक गोष्ट बदलून पाहिली होती आणि रोज पडताळा घेतला होता.

मार्चात माझी त्या घरातली शेवटची भेट होती. ताराराणीला ताप होता, सोप्यात घोंगडं पांघरून पडली होती. आज्जी देवळात, थोरली काकी शेतात. बारका आईच्या पायाशी खेळत होता. साडेपाच होऊन गेले. चुलीकडच्या भिंतीला किटली टांगलेली. ताराराणीनं घोंगड्यातून डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम. किटली."

निरीक्षकानं कुठल्याही गोष्टीत हात घालायचा नसतो. मी पेन खाली ठेवलं, उठले, कडी मुठीत घट्ट धरली आणि किटली पदराखाली घेऊन गोठ्याच्या दारात ठेवून आले. माझ्यामागून त्याची आई नुसतीच निघून गेली. परत येऊन बसले तर बारक्यानं माझ्या पिशवीतून घड्याळ काढलं होतं आणि ते कानाला लावून तो ऐकत बसला होता. पत्र्यावर कबुतरं होती, ती मी त्याला दाखवली.

त्या दिवशीच्या पाच-चाळीसच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही.